लेफ्ट रिकर्शन (ग्रामरचा नियम स्वतःच्याच नावाने सुरू होणं) काढायलाच हवं का? पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा कोड) बायसनने (ग्रामरवरून पार्सर बनवून देणारं टूल) करू की हाताने लिहू? (नाशिक, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: कांद्याच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा) हिशोब करणारी छोटी भाषा)

काढायलाच हवं असं कोण म्हणालं? ओरलला एक्स्टर्नल म्हणाले असणार. "लेफ्ट रिकर्शन म्हणजे ग्रामरचा दोष" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता भांडायलाच बसतो. दोष ग्रामरचा नाही, अडचण टॉप-डाउन पार्सरची (मोठ्या नियमापासून खाली उतरणाऱ्या) आहे.

तुमचा नियम असणार: राशी → राशी − पद | पद. हाताने लिहिलेलं राशीचं फंक्शन एकही टोकन (आकडा, शब्द किंवा चिन्ह) न खाता स्वतःलाच कॉल करतं आणि स्टॅक भरून प्रोग्राम कोसळतो. मग पुस्तकी उपाय येतो: राशी → पद शेपूट, शेपूट → − पद शेपूट | रिकामं. भाषा तीच राहते, ट्री (कोणती क्रिया आधी, ते दाखवणारी रचना) बिघडू शकतं. पट्टीत लिहा १००० − ४० − १०. हमाली चाळीस, तोलाई दहा. उत्तर ९५०. पण शेपटाने उरलेल्याचं ट्री स्वतःच बांधून परत दिलं, तर आधी ४० − १० होतं आणि पट्टी निघते ९७० ची. बेरजेवर टेस्ट करत बसलात तर हे जन्मात सापडणार नाही. वजाबाकी आणि भागाकार घ्या.

शेपूट नकोच. पहिलं पद वाचून 'डावं' मध्ये ठेवा. पुढचं टोकन − आहे तोवर लूप: ते खा, पद वाचा, डावं = (डावं − पद). झालं.

बायसनमध्ये सगळं उलट. तिथे यादी → यादी ओळ असंच लिहा. यादी → ओळ यादी लिहिलंत, तर शेवटची ओळ येईपर्यंत आधीच्या सगळ्या स्टॅकवर पडून राहतात. त्या स्टॅकची मूळ मर्यादा १०,०००; हंगामातली मोठी फाईल दिली की 'मेमरी एक्झॉस्टेड'. आणि राशी → राशी − राशी लिहून %left (गट डावीकडून करा, असं सांगणारी ओळ) विसरलात, तर शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टची (पुढचं टोकन घ्यायचं की आधीचं पूर्ण करायचं, या पेचाची) नुसती वॉर्निंग येते. बायसन शिफ्ट निवडतं, पार्सर तयार होतो, आणि पुन्हा ९७०!

मी म्हणेन हाताने लिहा, एरर मेसेज माणसाला कळतील असे देता येतात. जीसीसी या कंपायलरनेही ३.४ आवृत्तीपासून सी++ साठी बायसन सोडून हाताने लिहिलेला पार्सर घेतला. हां, ग्रामर अजून रोज बदलत असेल तर बायसन ठेवा. ते कॉन्फ्लिक्ट निदान दाखवतं, हाताने लिहिलेला कोड संदिग्धता गपचूप गिळतो.

ओरलला पुन्हा 'दोष' म्हणाले, तर ९७० वालं ट्री फळ्यावर काढून द्या.