आठ-नऊ-तीन

प्रश्न : बाई, मुलाचं नर्सिंग झालंय. जपानी शिकून तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या कामाला जायचं म्हणतो. शेजारी सांगतात, तिथं याकुझा टोळ्या बोटं तोडतात. सरकार बंदी का घालत नाही? पाठवू की नको?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, पाठवा. बोटांचं म्हणाल तर, चूक केलेला टोळीवालाच स्वतःच्या करंगळीचं पेर कापून म्होरक्यापुढं ठेवायचा. म्होरक्या बापाच्या जागी, बाकीचे लेकरं, असं ते नातं. म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या पोराला त्याची झळ सहसा लागत नाही.

‘याकुझा’ हे नाव मात्र आपल्याकडच्या माणसाला लगेच कळावं. या-कु-झा म्हणजे आठ-नऊ-तीन, पत्त्यांच्या एका जुगारातली पानं. बेरीज वीस, शेवटचा आकडा शून्य, म्हणजे डाव बुडाला. मटक्यातही तीन पानांची बेरीज करून शेवटचाच आकडा धरतात. वडगावात आमचे काका हातमागावर शापुरी साड्या विणायचे आणि शनिवारची मजुरी त्या आकड्यावर लावायचे. काकू दारात उभी राहायची. पुढं मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण बेरजेचा शून्य पहिल्यांदा तिच्या तोंडावर पाहिला.

यामागुची-गुमी ही सगळ्यांत मोठी टोळी १९१५ साली कोबे बंदरातल्या हमालांमधून उभी राहिली. जपानच्या राज्यघटनेत संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे, म्हणून नुसतं सदस्य असणं गुन्हा ठरत नाही. पण १९९२ पासून वेगळा कायदा आहे, आणि २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांनी नियम केले की यांच्याशी व्यवहारच करायचा नाही. बँकेत खातं नाही, घर भाड्यानं नाही. टोळी सोडल्यावरही साधारण पाच वर्षं हेच. १९६३ च्या सुमारास हे लोक १ लाख ८४ हजार होते, आता २० हजारांच्या आत, तेही निम्म्याहून जास्त पन्नाशी ओलांडलेले.

माझा जीव अडकतो तो दुसऱ्याच गोष्टीत. आता तिथं बिनचेहऱ्याच्या टोळ्या झाल्यात. मोबाईलवर जाहिरात येते, ‘एका दिवसात भरपूर पैसे’. पोरगा हो म्हणाला की आधी ओळखपत्राचा, घरच्या पत्त्याचा फोटो मागून घेतात. मग त्याला फसवलेल्या म्हाताऱ्यांकडून पैसे आणायला लावतात, कधी दरोड्यालाही पाठवतात. नको म्हटलं तर घरच्यांच्या नावानं धमकी. पकडला जातो तो हाच. परदेशातून आलेल्या पोरांकडून बँकखातं किंवा सिमकार्डही विकत मागतात. खातं दुसऱ्याला देणं हाच तिथं गुन्हा आहे. शिक्षा होते, देशाबाहेरही काढू शकतात.

म्हणून निघण्याआधी त्याला समोर बसवून सांगा : बाळा, खातं, कार्ड, सिम कुणाला द्यायचं नाही, मित्राला नाही, गावच्या माणसाला पण नाही. अडकलास तर ११० ला फोन कर, ते तिथले पोलीस. आणि ‘नुसतं एक पाकीट आणायचंय’ असं कुणी म्हणालं, तर त्याच रात्री आईला फोन कर. तिथं बारा वाजलेले असले तरी निपाणीत साडेआठच झालेले असतात.