बटेरचे नर म्हातारे झाले म्हणून काढायचे का?

प्रश्न : डॉक्टर, वाघोलीला गच्चीवर माझ्याकडे जपानी बटेर आहेत, 36 माद्या आणि 12 नर. मागच्या वर्षी मे महिन्यात पिल्लं आणलेली, म्हणजे दीड वर्ष होऊन गेलं. दिवाळीपासून अंडी थोडी कमी झालीत आणि उबवायच्या मशीनमध्ये ठेवलेल्यातली निम्मी पण फुटत नाहीयेत. पिल्लं विकणारा म्हणतो नर म्हातारे झाले, सगळे बदला. खरंच बदलू का?

उत्तर : म्हातारे झालेत हे खरंच, त्यात तो खोटं बोलत नाहीये (त्याला नवीन नर विकायचेत ते वेगळं!). बटेर सहा-सात आठवड्यांत वयात येतो, पहिल्या वर्षात जोरात असतो आणि मग उतार लागतो, म्हणजे तुमचे नर आपल्या सोसायटीतले रिटायर झालेले काकाच म्हणा. पण तुम्ही "दिवाळीपासून" लिहिलंत आणि माझी गाडी तिथेच अडली. पुण्यात डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम 11 तासांचा असतो आणि बटेरचं सगळं प्रजनन उजेडावर चालतं, उजेड कमी पडला की तरण्या नराचे पण वृषण आक्रसतात, टेस्टोस्टेरॉन (नराचं हार्मोन) खाली येतं, आणि माद्यांची अंडी पण घटतात, जे तुमच्याकडे झालंच आहे.

आधी मशीनमधली न फुटलेली चार-पाच अंडी फोडून बघा. कवचावर डाग असल्यामुळे बॅटरी लावून नीट दिसत नाही. आत रक्ताच्या रेषा किंवा अर्धवट पिल्लू दिसलं तर नराचा दोष नाही, मशीनचं तापमान बघा. नुसता स्वच्छ बलक असेल तर मग नराकडे वळू.

नर हातात उलटा धरा. गुदद्वाराच्या शेपटीकडच्या बाजूला एक गुलाबी फुगवटा असतो, तो हलकेच दाबला की दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस येतो. ही ग्रंथी टेस्टोस्टेरॉनवर जगते, त्यामुळे आतलं काय चाललंय ते बाहेरूनच कळतं. फुगवटा बसलेला आणि फेस नाही, तर तो नर सध्या कामाचा नाही. पायात रंगीत रिंग घालून ठेवा.

मग टायमर लावून बल्बचा उजेड धरून रोजचे 16 तास करा आणि तीन-चार आठवडे थांबा. ज्यांचा फुगवटा परत आला त्यांना कमी उजेडाने झोपवलं होतं. उजेड देऊनही जो तसाच राहिला तो वयानेच गेला. वयात नुसते वृषण थकत नाहीत, शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी कमी होतात आणि मेंदूकडून येणारा हुकूमच मंदावतो. प्रयोगात म्हाताऱ्या नरांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते परत माद्यांच्या मागे लागलेले आहेत, पण म्हणून तुम्ही गच्चीवर इंजेक्शनं घेऊन बसू नका. आणि सगळे एकदम थकत नाहीत हो, एकाच वयाचे दोन नर, एक ठणठणीत आणि एक गार, असं सर्रास दिसतं, म्हणून सरसकट काढू नका.

जे काढाल त्यांच्या जागी 8-10 आठवड्यांचे घ्या, तीन माद्यांना एक पुरे, जास्त ठेवलेत तर एकमेकांची डोकी फोडतात. तुमच्या माद्या पण तेवढ्याच वयाच्या आहेत हे विसरू नका, काही तरण्या आणाव्याच लागतील. शिवाय मादीच्या पोटात जुन्या नराचं बीज आठवडाभर टिकतं, त्यामुळे नवीन नराचीच पिल्लं हवी असतील तर पहिले 10 दिवस अंडी मशीनमध्ये घालू नका, उकडून खा.