कंडोम वापरला तर गर्भ राहायची भीती नाही ना? आणि रोगांपासून पण वाचवतो का?

दोन्ही कामं करतो, पण नीट वापरला तर. दरवेळी बरोबर वापरणाऱ्या 100 जोडप्यांत वर्षभरात साधारण 2 जणींना दिवस जातात, आपल्यासारखे घाईगडबडीत वापरणारे धरले तर हाच आकडा 13 च्या आसपास जातो. एचआयव्ही, गनोरियाला (परम्याला) चांगला अडवतो, हर्पीस (गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू) आणि एचपीव्ही (चामखीळ आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू) मात्र कातडीला कातडी लागून पण होतात, तिथे धोका कमी होतो, संपत नाही.

आता आपल्या गोव्यातली खास चूक सांगतो, घरात खोबरेल असतंच म्हणून लोक तेच लावतात. अजिबात नको!! तेलाने लेटेक्स कमजोर होतं आणि फाटतं, फार्मसीत पाण्याच्या बेसचं जेल मिळतं ते घ्या. दुसरं म्हणजे स्कूटरच्या डिकीत कंडोमचं पाकीट ठेवणं, मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात गाडी उन्हात लावली की आत भट्टीच होते. माझं एक्स्पायरी न झालेलं पाकीट असंच चिकट निघालं, फेकलं सरळ. एकावर एक दोन पण घालू नका, घासून फाटतात.

फाटलाच तर 72 तासांच्या आत इमर्जन्सी गोळी, जितकी लवकर तितकी बरी, आणि एचआयव्हीची शंका असेल तर त्याच मुदतीत डॉक्टरकडे जाऊन पेप औषध (एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) सुरू करायचं. दुकानात कंडोम मागायला लाज वाटत असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात निरोध (सरकारी कंडोम) फुकट मिळतो.