बोटीवर आग लागली तर बंब कुठून येतो? ड्रिल खरंच होतात की नुसती कागदावर?

तुमचा धाकटा भाऊ वास्कोहून पहिल्यांदाच मालवाहू बोटीवर चाललाय आणि आईनं हा प्रश्न करून करून जेवण सोडलंय, असं तुम्ही लिहिलंय. गोव्यात तारवटी म्हणजे बोटीवरचे खलाशी घरोघर, पण सुट्टीवर आलेला माणूस हे घरी बोलत नाही. मी चौदा वर्षं इंजिनात काढली, म्हणून सांगतो.

बंब येत नाही. बंब आपणच.

नियम सोलासचा, म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. महिन्यातून किमान एकदा प्रत्येकानं आगीचं आणि बोट सोडण्याचं ड्रिल करायचं. पाव हिश्शाहून जास्त खलाशांनी मागच्या महिन्यात त्या बोटीवर ड्रिल केलेलं नसेल, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांत. सात तोकडे भोंगे आणि एक लांब वाजला की आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे हजेरीच्या ठरलेल्या जागी जायचं. कागदावरची ड्रिलंही होतात, खोटं कशाला बोलू. लाइफजॅकेट घालून फोटो, रजिस्टरवर सही, चहा. मीही केलीत.

माझा सूर बदलला तो एका ड्रिलमुळे. इंजिनरूममध्ये आग हाताबाहेर गेली असं धरलं होतं. अशा वेळी पंखे बंद, डॅम्पर म्हणजे हवेच्या वाटांची झाकणं बंद, तेलाचे वाल्व बाहेरून बंद करतात आणि मग आत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडतात. हा वायू आगीबरोबर माणसालाही मारतो, म्हणून आधी हजेरी. हजेरीत एक कमी. बडा साब, म्हणजे चीफ इंजिनिअर, सीओटूच्या पेटीवर हात ठेवून उभा, कोणी बोलेना. सात मिनिटांनी मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा, सापडला; मीट रूममध्ये, मांसाच्या थंड कोठारात, कोंबड्या मोजत होता. ब्लोअरच्या आवाजात भोंगा ऐकूच गेला नव्हता. खरी आग असती तर त्या सात मिनिटांत काय ठरवलं असतं, हे बड्या साबनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आगीपेक्षा मला बंद टाकीची भीती जास्त. लोखंड गंजताना आतला प्राणवायू खातं. वास नाही, धूर नाही. खाली कोणी पडलेला दिसला की दोस्त धावत उतरतो आणि शेजारी पडतो. २०१५ पासून याचं ड्रिल दर दोन महिन्यांनी सक्तीचं आहे. त्यात खरं शिकायचं ते एवढंच, की श्वसनसंच चढवल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आत सख्खा भाऊ असला तरी. तोंडानं सोपं आहे. आमच्या ड्रिलमध्ये माणूस म्हणून ठेवलेल्या, चिंध्या भरलेल्या बॉयलर सूटसाठीसुद्धा एक कॅडेट (शिकाऊ पोरगा) तसाच आत घुसला होता.

भावाला सांगा, पहिल्याच रात्री केबिनपासून डेकपर्यंत डोळे मिटून, कठडा धरून, पायऱ्या मोजत चालून बघ. लोक हसतील, हसू देत. आणि ईईबीडीची, म्हणजे धुरातून निसटायच्या श्वसनसंचाची पेटी कुठे टांगलीय ते बघून ठेव. त्यात दहाएक मिनिटांची हवा असते, ती बाहेर पळायला. आग विझवायला नव्हे.