शेजारच्या आयरिश आजींचे दूध

आयर्लंडमधल्या गॉलवेहून एक आई लिहिते: “ताई, चार वर्षांच्या मुलाला खोकला झाला, म्हणून शेजारच्या आजींनी समुद्रातले शेवाळ दुधात उकळून आणले. त्या गेल्यावर मी ते ओतून टाकले. माझे काही चुकले का?”

हो, चुकले. अनोळखी वस्तू मुलाच्या पोटात जाऊ नये ही तुमची काळजी मला समजते. पण ओतण्याआधी विचारायला काय हरकत होती? ते शेवाळ म्हणजे कॅरगीन. ओहोटीच्या वेळी ते खडकांवरून काढतात, उन्हापावसात पांढरट होईपर्यंत वाळवतात, मग थोडेसे भिजवून दुधात मंद आचेवर शिजवतात आणि गाळून घेतात. त्यातून सुटणाऱ्या बुळबुळीत द्रवाचा घशाला लेप बसतो आणि खवखव काही वेळ शमते. खोकल्याचे मूळ मात्र त्याने जात नाही. आपण चायना ग्रास आवडीने खातो, तोही समुद्री शेवाळापासूनच होतो.

माझ्या सासूबाई अडुळशाच्या काढ्यावाचून दुसरे औषध मानत नसत. आमच्याकडे डब्लिनला आल्या तेव्हा त्यांनीच शेजारणीकडून हे दूध शिकून घेतले आणि त्यात वेलदोडा घातला. दोघींची भाषा वेगळी, तरी चुलीपाशी काही अडले नाही. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडच्या शाळांतील सुमारे पन्नास हजार मुलांनी घरच्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून असे उपाय व जुन्या गोष्टी लिहून काढल्या. त्या वह्या आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये जपलेल्या आहेत. तुमच्या मुलाची आजी हजारो मैलांवर आहे, आणि शेजारच्या आजी आपणहून दार वाजवतात. त्यांचे भांडे रिकामे परत करू नका, लाडू घालून द्या आणि कृती विचारून घ्या. वर्षाखालील बाळाला मात्र मधाचे बोटही नको, आणि ताप चढला किंवा श्वास जोरात चालू लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक डॉक्टरांकडे जा.

चामखीळ घालवणाऱ्या “सातव्या मुलाच्या सातव्या मुलाकडे” (अशा माणसाच्या हाताला गुण असतो, अशी आयरिश समजूत आहे) जावे का, हेही तुम्ही विचारले आहे. मुलांच्या चामखिळी बहुधा आपोआप जातात, तेव्हा घाई नको. मुरगळलेल्या पायावर कॉम्फ्री या वनस्पतीचा लेप कातडी फुटलेली नसेल तरच लावा. तिचा चहा कोणीही दिला तरी घेऊ नका, कारण तिच्यात यकृताला घातक द्रव्ये असतात.