आइस हॉकीत गोली (गोलरक्षक) व्हायचंय? घाई नको

आधी हिशोब ऐक. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली अव्वल आइस हॉकी लीग) ३२ संघ, सामन्याला प्रत्येकी दोन गोली, त्यातला एक बहुतेक वेळ बाकावरच. म्हणून विशीत बोलावणं आलं नाही तर खचू नकोस. गोली टिम थॉमसची निवड १९९४ साली एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) २१७व्या क्रमांकावर झाली. मधली कित्येक वर्षं फिनलंड, स्वीडन आणि खालच्या लीगमध्ये गेली. २०११ला स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

सरावात उगाच झेपा मारू नकोस (दिसतात झकास, पण बहुतेकदा उशीर झालेला असतो). स्केटिंग घोटव, फटका सुटायच्या आधी जागेवर पोचून स्थिर हो. पॅडवर आदळलेला पक (खेळातली रबरी चकती) समोर नाही, कोपऱ्यात जायला हवा. आणि खुबा दुखत असेल तर लपवू नकोस, लगेच दाखव. बटरफ्लायमध्ये (गुडघे टेकून पाय बाजूंना पसरायची पद्धत) मोठा ताण तिथेच येतो.