यूझर रिकामा कसा आला?

प्रश्न : सर, मी फोंड्याला एका छोट्या ऑफिसात सिस्टमचं काम बघतो. रात्रीचा बॅकअप क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) लावलाय, फोल्डरचं नाव स्क्रिप्टमध्ये डॉलर यूझर वरून, म्हणजे यूझरचं नाव ठेवणाऱ्या व्हेरिएबलवरून घेतलंय. हाताने चालवली की मस्त चालते, क्रॉनवरनं चालली की नावच गायब आणि सगळ्यांच्या फायली एकाच जागी. चवथीची सुट्टी संपवून आलो तर एकावर एक लिहून नुसता चिवडा झालेला. आता सायब म्हणतात सगळ्या युनिक्समध्ये कुठले व्हेरिएबल नक्की असतात त्याची यादी करून भिंतीला लाव. अशी यादी आहे का कुठे?

उत्तर : आहे की! पॉझिक्स म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टमसाठीचं सामाईक स्टँडर्ड, त्याच्या पहिल्या खंडातलं आठवं प्रकरण, नावच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. होम, पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ते), शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम), टर्म, टीझेड (टाइम झोन), पीडब्ल्यूडी, लॉगनेम (लॉगिनचं नाव), टीएमपीडीआयआर (तात्पुरत्या फायलींची जागा), आणि भाषेचे लँग नि एलसीवाले, असे मोजकेच आहेत. पण तिथेच एक लांबलचक तक्ता पण आहे आणि त्यात यूझर दिसतो, तो बघून लोक खूश होतात आणि यादीत टाकतात, इथेच फसतात. तो तक्ता म्हणतो एवढंच, की ही नावं शेल वगैरे आधीच वापरतात, तेव्हा तुम्ही दुसऱ्या कामाला घेऊ नका. यूझर म्हणजे काय ते तिथे सांगितलेलंच नाही.

मूळ भानगड जुनी. युनिक्सच्या दोन जुन्या शाखा, त्यात बीएसडीवाल्यांनी यूझर धरला, सिस्टम फाइव्हवाल्यांनी लॉगनेम, आणि पॉझिक्सने लॉगनेम घेतला. लिनक्सवर लॉगिन केलं की दोन्ही मिळतात म्हणून तुम्हाला इतके दिवस कळलं नाही. डेबियन या लिनक्सचा क्रॉन मात्र लॉगनेम, होम आणि शेल देतो, यूझर देत नाही, आणि पाथ पण अगदी तोकडा देतो. तेव्हा स्क्रिप्टमध्ये आयडी मायनस यूएन ही आज्ञा वापरा, ती सरळ सिस्टमलाच विचारते, व्हेरिएबलची कटकटच नको. आणि स्क्रिप्टच्या वर सेट मायनस यू ही ओळ टाका, म्हणजे न ठेवलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट तिथेच थांबेल, गुपचूप रिकामं घेऊन पुढे जाणार नाही.

यादीत दोन रकाने करा, एक अर्थ ठरलेल्यांचा आणि दुसरा लॉगिनला नक्की मिळणाऱ्यांचा, दुसऱ्यात होम आणि लॉगनेम ठेवा. टीएमपीडीआयआर स्टँडर्डमध्ये असूनही बऱ्याच मशीनवर सेटच नसतो. टीझेड हाताने लिहायची वेळ आली तर आपल्यासाठी आयएसटी मायनस ५:३० असं लिहायचं, हो, मायनसच, पॉझिक्समध्ये ग्रीनिचच्या पूर्वेला मायनस धरतात. मी एकदा प्लस लावला आणि घड्याळ ११ तास मागे. स्वतःचे व्हेरिएबल लहान अक्षरात ठेवा, ती जागा स्टँडर्डने आपल्यासाठीच सोडलीय.

आणि भिंतीला लावण्याआधी स्क्रिप्ट एन्व्ह मायनस आय लावून एकदा चालवून बघा, सगळे व्हेरिएबल काढलेल्या जागी ती कुठे अडते ते लगेच दिसेल, चवथीपर्यंत थांबायला नको.